सहाणेचे चिरे

"सदर विहिरीस चोहोबाजूंनी चिरेबंदी कठडा असून तो घटनेच्या दिवशी सुस्थितीत होता. सबब मयत स्त्री तोल जाऊन पडली असणे संभवत नाही. तिने स्वखुशीने विहिरीत उडी घेतल्याचे दिसून येते."

ही तीन वाक्ये रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात लिहिली गेली. सोबत पंचांच्या सह्यांचा पंचनामा जोडला गेला आणि खालच्या वाडीतल्या गोदा नावाच्या बाईचे प्रकरण बंद झाले. वाक्ये सुबक आहेत. पहिल्यातून दुसरे निघते, दुसऱ्यातून तिसरे. तर्कशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाने पाठ थोपटावी. अडचण एवढीच, की पहिले वाक्य खोटे आहे. ते खोटे आहे हे कळायला कचेरीबाहेर पाऊल टाकण्याचीही गरज नव्हती. त्याच अहवालात, थोडे वर, विहिरीच्या काठी पाण्याने भरलेला एक हंडा आणि एक रिकामी कळशी सापडल्याचे लिहिले आहे, आणि मयताच्या उजव्या मनगटाला पोहऱ्याच्या दोराचे वेढे असल्याचेही. म्हणजे सरकारच्या मते ही बाई मरायला म्हणून निघाली, जाता जाता तिने हंडा भरला, कळशी भरायला घेतली, दोर मनगटाला गुंडाळला, आणि मग हातातले काम अर्धे टाकून, कठडा चढून, स्वखुशीने गेली. गोदाची खुशी जिवंतपणी कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ती मेल्यावर सरकारला मात्र ही खुशी विनासायास सापडली.

उमाला हा अहवाल तोंडपाठ होता. इतिहासाच्या विद्यार्थिनीला सनावळ्या पाठ असाव्यात, तसा.

उमा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे घर वरच्या आळीत; तिथून चिऱ्यांच्या पायऱ्यांची एक पाखाडी खालच्या वाडीत उतरायची. त्या वर्षी तिच्या प्राध्यापकांना अचानक साक्षात्कार झाला की इतिहास केवळ राजांचा नसतो, आणि त्यांनी 'आपला परिसर' असे छायाचित्रांचे प्रदर्शन जाहीर केले. वर्गातल्या बहुतेकांनी किल्ला आणि दीपगृह गाठले. उमाने मामाचा जुना बॉक्स कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पाखाडी उतरली. फणसाखाली चाललेली हजामत, चटईवर वाळत घातलेली सुकट आणि तिच्याभोवती राखणीला बसलेले मांजर, डालग्याखाली झाकलेली कोंबडी, भिंतीवर सुकणाऱ्या शेण्यांवर उमटलेली बायकांची बोटे. हे तिने टिपायला घेतले. तिचा नियम एकच होता. कुणालाही नीट उभे राहा म्हणायचे नाही. वाडीला याची गंमत वाटे. फोटो म्हणजे पावडर लावून स्टुडिओत जायचे, ही न सांगता कळ दाबायची रीत कसली, असे म्हातारे विचारत.

"उमे," श्रीपती तात्या एकदा पडवीतून म्हणाले, "म्हशी नि कोंबड्या पुष्कळ झाल्या. शिमग्यात नव्या सहाणेचा फोटो काढ. असा काढ की मुंबईकरांनी बघून म्हणावं, वाडी सुधारली."

तात्या निवृत्त मुख्याध्यापक. आंब्याची बाग, वाचनालयाचे चिटणीसपद, आणि वाडीत देवीपुढे गाऱ्हाणे घालण्याचा पिढीजात मान. शिमग्यात गावदेवीची पालखी देवळातून निघून वाडीवाडीत येते आणि तिथल्या सहाणेवर, म्हणजे चिऱ्यांच्या चौथऱ्यावर, बसते. खालच्या वाडीची सहाण बुटकी होती. शेजारच्या वाडीची तिच्यापेक्षा उंच झाली, तेव्हा ती बुटकी असल्याचे तात्यांच्या ध्यानात आले. काम सुरू झाले. शिमगा तोंडावर आला आणि खाणीवरून चिऱ्यांची गाडी आलीच नाही. वरचा एक थर अपुरा राहिला. सहाणेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, विहिरीचा कठडा होता. तयार, घडीव, वापरून गुळगुळीत झालेला. तात्यांनी ते चिरे उसने घेतले.

उसने, हा तात्यांचाच शब्द. आणि चूक इथेच आहे. ही चूक त्या वाडीतल्या माणसाच्या हातून नकळत होऊच शकली नसती. कारण ज्या चिऱ्यावर देवी बसली तो पुन्हा विहिरीला, गोठ्याला, पायरीला लावत नाहीत, हे वाडीतले शेंबडे पोरही जाणत होते, आणि त्यांना ते शिकवले होते तात्यांनीच. देवीला उसने देता येत नाही. दिले ते दिले.

पालखी येणार त्या सकाळी उमा विहिरीवर गेली. गोदा पाणी काढत होती. तिचा नवरा महिपत मुंबईला गिरणीत. घरात ती आणि अकरा-बारा वर्षांची मुलगी राही. कठडा होता तेव्हा बायका त्याला गुडघा टेकून दोर ओढत. वर्षानुवर्षे दोर घासून चिऱ्यांच्या कडांना बोटभर खाचा पडल्या होत्या. आता तिथे फक्त काठ होता, आणि काठानंतर काळोख. गोदा दोन पाय फाकवून, अंग मागे टाकून ओढत होती.

"काय गो उमाताय, पुन्हा आलीस?" ती म्हणाली. "परवा न्हाव्याचा काढलास, काल कोंबडीचा. आज माजी पाळी काय?"

"तुम्ही आपलं काम करा काकी. माझ्याकडे बघू नका."

"तुज्याकडं नको तं कुटं बघू? विहिरीत?"

उमा हसली. "कठडा कुठे गेला?"

"चिऱ्यांना बढती मिलाली. कालपरवापर्यंत आमच्या गुडघ्याखाली व्हते, आजपासून देवीच्या बुडाखाली." गोदाने पोहरा वर घेतला. "तात्यांना इचारलं, परत कदी बांधनार. म्हनतात, चिरे मिलत नायत. शिमगा होऊदे."

एवढे बोलून ती उमाकडे वळून हसली, हातात दोर, पाठीमागे विहिरीचे तोंड. आणि उमाने कळ दाबली. त्याच क्षणी पाखाडीवर, शिमग्याची सोंगे घेऊन नाचणाऱ्या खेळ्यांचा मृदंग वाजला. राही धावत आली, "उमाताई, संकासूर आला, चला," म्हणत तिचा हात ओढू लागली. उमा ओढली गेली. कॅमेरा कातडी खोळीत गेला. कॅमेऱ्याला एक किल्ली होती. एक फोटो झाला की ती फिरवायची, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत. ती फिरवायची राहिली.

दुपार कलताना पालखी आली, नाचली, नव्या सहाणेवर बसली. तात्या हातात नारळ उंच धरून गाऱ्हाणे घालायला उभे राहिले. उमाने त्यांच्या इच्छेप्रमाणे फोटो काढला. वाडी सुधारलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी उठून पुढच्या वाडीला गेली. जागरणाने थकलेली वाडी दुपारी झोपली. राही खेळ्यांच्या मागे गेली होती. गोदा पाण्याला गेली. तिला वर काढले तेव्हा ऊन कललेले होते.

पोलीस आले, प्रेत गेले, आणि पंचनामा तात्यांच्या पडवीत बसून, कोकमाच्या सरबतासह, लिहिला गेला. विहीर पडवीतून दिसत नाही. मोठे साहेब विहीर पाहायला आले ते त्या आठवड्याच्या शेवटी, तेव्हा तिथे कठडा होता, आणि साहेबांनी तो हाताने थोपटून पाहिला. मग कारण शोधणे आले. नवरा मुंबईत, पत्र नाही, बाई एकटी. डोक्यावर परिणाम झाला असावा, असे तात्या दुःखाने म्हणाले. ज्या गिरण्यांच्या संपाने शेकडो घरांतली पत्रे थांबवली होती, त्याच्यामुळे एकट्या गोदाने विहीर का गाठावी, हा प्रश्न साहेबांना पडला नाही. पंचांपैकी कुणीही दुष्ट नव्हते. ते सहाणेचे चिरे वाहणारे लोक होते. कठडा नव्हता असे म्हणणे म्हणजे तो आपण काढला असे म्हणणे. त्यापेक्षा तो होता हे सोपे होते.

महिपत आला, दिवसकार्य केले, आणि राहीला चुलत्याकडे ठेवून परत गेला. एक दिवस राही पाखाडी चढून उमाच्या घरी आली. आत येईना. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली,

"उमाताई, तुमी आयेचा फोटू काढलाव ना?"

"काढला. धुऊन आलेला नाही अजून."

"त्यात ती रागावलेली दिसते काय?"

उमाला काही कळेना. "रागावलेली कशाला दिसेल?"

"त्या दिवशी पान्याला मी जायची व्हते. मी खेळ्यांच्या मागं गेले." राही जमिनीकडे बघत होती. "म्हनून तिनं उडी घेतलान. सगली म्हनतात, पोरीला टाकून गेली."

उमाने तिला सांगितले, की तसे नाही, कठडा नव्हता, पाय सरकला असेल. राहीने ऐकून घेतले. थोरामोठ्यांनी, पोलिसांनी, सरकारने सांगितलेले एकीकडे, आणि वरच्या आळीतली उमाताई एकीकडे. "फोटू आला की दाखवा," एवढेच म्हणून ती गेली. अहवाल मोडून काढायचा, हे उमाने त्या उंबऱ्यात ठरवले. सत्यासाठी वगैरे नव्हे. त्या पोरीने आयुष्यभर स्वतःला आईची खुनी समजू नये, एवढ्यासाठी.

फोटो काशीरामच्या स्टुडिओत धुतले गेले. काशीराम बोलघेवडा माणूस. डार्करूमचा पडदा बाजूला सारत तो हसतच बाहेर आला.

"किल्ली फिरवायला विसरलात बाईसाहेब. एका तिकिटात दोन शिनेमे." त्याने ओला कागद चिमट्याने धरला होता. मग त्याचे हसू ओसरले. "ही खालच्या वाडीतली ना? गेली ती?"

"हो."

"मग पालखीत कशी?"

"पालखीत नाही. सकाळी विहिरीवर होती. पालखी दुपारनंतर आली. दोन्ही एकावर एक पडलंय."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक." काशीरामने कागद तिच्या हाती दिला आणि बोटे पुसली. "काचेत मात्र मी हा लावणार नाही. निगेटिव्हही घेऊन जा. दुकानात रोज संध्याकाळी दिवा लावतो मी."

उमाने तो कागद उजेडात धरला. गुलाल उधळणाऱ्या माणसांतून गोदा आरपार उभी होती, त्यांच्याहून मोठी, पातळ, हसणारी. भोयांचे खांदे तिच्या कमरेतून गेले होते. विहिरीचे तोंड काळे असल्याने दुसरे चित्र तिथेच सर्वांत स्पष्ट उमटले होते. काठ जिथे संपत होता तिथून, त्या काळोखाच्या नेमक्या आत, नवी सहाण बसली होती. तिच्या वरच्या थरातल्या एका चिऱ्याच्या कडेला दोराची खाच दिसत होती. एकाच चौकटीत चिरे होते आणि ते जिथून गेले ती जागाही. यापेक्षा बिनतोड पुरावा कोणत्याही इतिहासकाराने आयुष्यात पाहिला नसेल. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी कुणी योजून केली नव्हती. गोदाच्या हातातला दोर तिरपा खाली येत होता, आणि नारळ धरलेल्या तात्यांच्या मुठीत संपत होता.

राहीने तो फोटो पाखाडीच्या पायरीवर बसून बराच वेळ पाहिला.

"हसते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पन दोर तात्यांच्या हातात कसा?"

तिने हेच घरी जाऊन सांगितले असावे. दुसऱ्या दिवसापासून वाडीत फोटोतल्या गोदाची कुजबुज सुरू झाली.

उमा फोटो घेऊन कचेरीत गेली. साहेब सुशिक्षित होते. त्यांनी भिंग मागवून फोटो पाहिला, आणि चष्मा काढून समजुतीच्या सुरात बोलले.

"तुम्ही कॉलेजात शिकता. एवढं तर कळत असेल, की हा कॅमेऱ्याचा दोष आहे."

"दोष किल्लीचा आहे साहेब. विहिरीला कठडा नाही हे किल्लीने केलेलं नाही."

"कुठली विहीर? कुठला दिवस? चित्रात एक मेलेली बाई पालखीबरोबर नाचते आहे. हे मी कोर्टात दाखवू?"

"मग सहाणेवर येऊन खाच बघा. बोट घालून बघता येते."

साहेबांनी हात जोडले. कुणाला जोडले ते कळले नाही. "देवस्थानाच्या बांधकामाला हात लावायला मला सांगू नका. इथे बदली होऊन सहाच महिने झालेत."

अहवाल जिथे होता तिथे राहिला. प्रदर्शनात उमाने तो फोटो इतरांच्या मधोमध लावला, खाली काहीही न लिहिता. कधी कॉलेजचे फाटक न ओलांडलेली खालची वाडी झुंडीने आली. आपली हजामत, आपले मांजर, आपल्या शेण्या यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. सगळे त्या एका चौकटीपुढे जमत, बायका पदर डोक्यावर घेत, आणि हळूच मागे सरत. उमा एकेकीला बोटाने दाखवी, हा काठ, इथे कठडा नाही. बायका माना डोलवत. त्या बोटाकडे न बघता गोदाच्या डोळ्यांकडे बघत. कायद्याने त्या चित्राला दोष म्हटले, वाडीने भूत म्हटले. विहीर कुणीच म्हणाले नाही. जिवंत साक्षीदारांच्या या वाडीत एका बाईचा मृत्यू खरा धरला जायला तिला आधी भूत व्हावे लागले.

तात्या शेवटच्या दिवशी आले, दालन रिकामे असताना. काठी टेकून उभे राहिले.

"ही माझ्याकडे बघत्येय का गं?" त्यांनी विचारले.

"माझ्याकडे बघत होती तात्या. सकाळी. तुम्ही तेव्हा तिथे नव्हता."

"हं." ते चौकटीच्या एका बाजूला सरकले, मग दुसऱ्या. जो कॅमेऱ्याकडे बघतो तो फोटोत सगळ्यांकडेच बघतो, हे त्या मुख्याध्यापकांना ठाऊक नसावे. किंवा ठाऊक असून उपयोग झाला नसावा. "देवीचा फोटो आहे. देवळात असायला हवा. निगेटिव्ह दे मला."

"एक प्रत देते."

"निगेटिव्ह म्हटलं मी."

"ऐकलं मी."

तात्यांना कुणी असे बोलल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. ते प्रत घेऊन गेले. ती देवळात कधीच दिसली नाही.

मग सहाण ओली राहू लागली. भर वैशाखात, वाडीतले अंगण तव्यासारखे तापलेले असताना, सहाणेचा वरचा थर दमट असे, आणि हात लावला तर तळव्याला शेवाळी वास येई. उमाने त्याचे कारण स्वतःला नीट समजावले होते. चिरे जांभ्याचे, आणि जांभा पाणी पितो. जो चिरा पिढ्यान्‌पिढ्या पोहऱ्याचे सांडलेले पाणी प्याला, तो एका उन्हाळ्यात कोरडा होत नाही. हे कारण तिला पटत असे, दिवसा, वरच्या आळीत बसून. एकदा तिन्हीसांजेला पाखाडी उतरताना तिने सहाणेच्या कडेवरून दोर घासल्याचा आवाज ऐकला, सावकाश, मध्ये थांबत, भरलेला पोहरा ओढताना येतो तसा. ती थांबली. आवाजही थांबला. तिने वळून पाहिले नाही, आणि त्या गोष्टीची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. बायकांनी नव्या कठड्याची विहीर टाकली. त्या लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. सहाणेवर मुले चढेनात. राही मात्र चढत असे. त्या खाच पडलेल्या चिऱ्यावर बसून ती बोट खाचेत घालून पुढेमागे फिरवी. तिला कुणी हटकले नाही. तिच्याशी कुणी बोललेही नाही.

वर्ष फिरले. पुन्हा शिमगा आला. पालखी खालच्या वाडीत उतरली तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होते. उमा कॅमेरा घेऊन आली होती. या वेळी तिने किल्ली फिरवली होती, लाल काचेतला आकडा पाहून ठेवला होता. पालखी नाचवून झाली. भोई सहाणेपुढे आले, आणि उभे राहिले.

पुढच्या दांड्याला रावजी होता. वर्षापूर्वी कठड्याचे चिरे त्यानेच वाहिले होते, आणि पंचनाम्याखाली त्याचा अंगठा होता.

"बसवा," तात्या म्हणाले.

"बसत नाय, तात्या."

"बसत नाही म्हणजे काय?"

"जड झालीय."

"रावज्या, सकाळपासून घेतलीयस की काय?"

"घेतली की हलकी लागते." कुणीतरी हसले, आणि हसणे गिळले. रावजीच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "खाली ती उभी हाय. फोटूत सगल्यांनी बघितलीय. तिच्या डोक्यावर देवी कशी ठेवू?"

पालखी बसेनाशी झाली, की मानकऱ्याने गाऱ्हाणे घालायचे, दोष सांगायचा, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साक्ष द्यायची, अशी रीत. तात्या पुढे झाले. बा देवी म्हाराजा, लेकरांच्या हातून जे काही चुकलं माकलं असेल ते पदरात घे, असे त्यांनी नेहमीच्या चालीत म्हटले. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. पालखी हलली नाही. तात्यांनी आवाज चढवला; कुणी शिवाशिव केली असेल, कुणी नवस फेडला नसेल, कुणी देवीच्या वाटेवर वाईट पाऊल टाकलं असेल. या वेळी उत्तर विरळ आले. तात्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, कुणा एकाच्या पापाचा दोष साऱ्या वाडीला लावू नकोस, आणि थांबले. उत्तर आलेच नाही. एकही ओठ हलला नाही. ज्या लोकांनी सरकारपुढे बिनदिक्कत खोटी साक्ष दिली होती, त्यांना देवीपुढे ती देता येईना. त्यांच्या सचोटीचा एवढाच एक कोपरा शाबूत होता, आणि तात्या त्यात सापडले होते.

पालखीच्या दांड्या कुरकुरत होत्या. भोयांच्या घामाचे थेंब धुळीत पडत होते. राही सहाणेला पाठ लावून उभी होती, तिचे बोट मागे खाचेत. तात्यांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या डोक्यावरच्या हवेकडे, जिथे काहीच नव्हते, आणि तिथून त्यांना नजर काढता येईना. त्यांनी टोपी काढली. उजवी मूठ उघडून पाहिली, जणू तिच्यात काही आहे.

उमाने कॅमेरा उचलला नाही. फोटोचे काय होते ते तिने पाहिले होते. तिने ऐकले, आणि घरी जाऊन शब्दास शब्द उतरवून काढले. तो कागद घेऊन ती पुन्हा त्या साहेबांकडे गेली. साहेबांची बदली झाली होती, आणि नव्या साहेबांनी सांगितले की देवापुढे केलेल्या निवेदनाची प्रत जोडता येत नाही. अहवाल आजही तसाच आहे. कठडा सुस्थितीत आहे, आणि बाई स्वखुशीने गेली आहे. पण त्या संध्याकाळी राही ऐकत होती, आणि तात्या गाऱ्हाण्याची चाल सोडून, वर्गात बोलावे तशा आवाजात, असे म्हणाले:

"सहाणेला लागलेले चिरे खाणीतले नव्हेत. विहिरीच्या कठड्याचे. काढायला मी सांगितलं. गोदाने मला विचारलंन, तात्या, परत कधी बांधणार. मी म्हटलं, चिरे मिळत नाहीत. तिने उडी घेतली नाही. ती पाणी काढत होती. कठडा नाही हे मला माहीत होतं, आणि होता म्हणून पहिली सही मी केली, बाकीच्यांना करायला लावली. राही इथे उभी आहे, तिच्यादेखत सांगतो. त्या दिवशी ही पाण्याला गेली असती तर ही गेली असती. गोदाला वर काढल्यावर तिसऱ्या दिवशी मी कठडा बांधून घेतला. तेव्हा चिरे मिळाले."